सेन्सेईंचा सत्कार

चांदोरकर सरांचा फोन आला तेव्हा मी वांगी परतत होते.

"मॅडम, माझा गौरव अंक निघतोय," ते म्हणाले. "पासष्टी आहे ना. तुम्ही माझ्यावर दोन पानं लिहा. आठवणी. जरा हृद्य होऊ द्या."

"अंक काढतंय कोण?"

"समिती."

"समितीत कोण कोण आहे?"

"सध्या मीच बघतोय."

कढईत वांगी करपली. करपू देत. ज्या माणसाची आठवण आली की आजही शिसारी येते, त्याच्यावर हृद्य दोन पानं! बरं, नाही म्हणावं तर हे गृहस्थ घरी येऊन ठाण मांडतील. म्हणून हो म्हटलं आणि लिहायला बसले. चार चांगले शब्द शोधायला गेले ते एक-दोनच सापडले. बाकीचं जे सापडलं ते असं.

विलास चांदोरकर आमच्या कॉलेजात जपानी शिकवायचे. उज्जैनला जपानी कशाला, असं सगळेच विचारायचे. इंदूरजवळ पीथमपुरात जपानी लोकांचे कारखाने आहेत, तेव्हा हा कोर्स काढला तर ॲडमिशन वाढतील असं आमच्या संस्थेच्या अध्यक्षांच्या डोक्यात आलं. चांदोरकर मूळचे पुण्याकडचे. काही वर्षं जपानात राहिलेले, मग पीथमपुरात एका कंपनीत दुभाषे. तिथली नोकरी सुटली आणि ते आमच्याकडे आले. मी तिथंच अर्थशास्त्र शिकवत होते. आमचं घराणं शिंद्यांच्या चाकरीपासून इथलं, त्यामुळे आमची मराठी ही अशी, निम्मी हिंदीत भिजलेली. पहिल्याच दिवशी स्टाफरूममध्ये मी म्हटलं, "सर, चाय घेता का? अभी गरम आहे."

"मॅडम, 'अभी' नाही. 'आत्ता' म्हणायचं."

"बरं. आत्ता गरम आहे, अभी थंडी होईल. घेता की फेकू?"

तेव्हापासून आमचं कधी जमलं नाही.

त्यांना 'सर' म्हटलेलं चालत नसे. 'सेन्सेई' म्हणायचं, म्हणजे जपानीत गुरुजी. केबिनच्या दारावर पाटी, 'चांदोरकर सेन्सेई'. फ्रीगंजमधल्या घराच्या फाटकावर पाटी, 'चांदोरकर सेन्सेई'. दूधवाला 'सेंसई साब' म्हणायचा. जपानात म्हणे हा मान दुसऱ्यानं द्यायचा असतो, आपण होऊन आपल्या नावामागे लावायचा नसतो. हे मला त्यांच्याच एका विद्यार्थिनीनं सांगितलं, तेही हळूच, दार लावून.

त्यांच्या वर्गाबाहेर चपला-बूट काढायला लागत. जपानी शिस्त! उज्जैनचा मे महिना, पत्र्याची खोली, पंचवीस-तीस पोरांचे दिवसभर बुटात उकडलेले मोजे, आणि खिडक्या बंद, कारण बाहेरच्या गोंगाटानं उच्चार बिघडतात. त्या वर्गावरून जाताना मी पदर नाकाला लावायची. चांदोरकरांचे स्वतःचे मोजे मात्र पांढरेशुभ्र, रोज नवे वाटावेत असे. खिशात एक घडीचा पंखा असे. त्यानं वारा कधी घेतला नाही. पंख्यानं पोरांकडे बोट दाखवायचं, आणि पान खाल्लेलं असलं की तोंडावर धरून बोलायचं.

पान! आता सांगतेच. कॉलेजच्या व्हरांड्यात एक बोनसाय होतं, वडाचं. कुणा पाहुण्यानं भेट दिलेलं. चांदोरकरांनी त्याचं एवढं कौतुक केलं होतं की बस. धैर्य, संयम, निसर्गाशी संवाद, काय काय. एकदा मी कोपऱ्यावरून वळले तर हे संयमाचे पुजारी इकडे-तिकडे बघून त्या कुंडीत पिंक टाकत होते. मी बघितलेलं त्यांनी बघितलं. पंखा तोंडावर धरला आणि म्हणाले, "लोखंड मिळतं झाडाला. कात असतो ना." शी! त्या दिवशी मला डबा गेला नाही. वर, कुणी जिन्यात थुंकलेलं दिसलं की हेच पहिले म्हणणार, "जपानमध्ये असं नसतं." चहा पांचट, रांग मोडली, कुत्रं भुंकलं, वीज गेली, सगळ्यावर एकच, "जपानमध्ये असं नसतं." आमच्या शिपायानं, रामेश्वरनं, एकदा वैतागून विचारलं, "तो साब, आप यहाँ काय को आ गए?" तर त्याची बदली थेट संडासांच्या देखरेखीवर झाली.

वाकून नमस्कार करण्याचंही त्यांचं गणित होतं. शिपायाला नुसती हनुवटी. आम्हाला मान. प्राचार्यांना खांद्यापर्यंत. आणि संस्थेच्या अध्यक्षांना पार कमरेतून, इतकं की एकदा वरच्या खिशातला चष्मा अध्यक्षांच्या बुटावर पडला. तो उचलताना आणखी एकदा वाकले. बघणाऱ्यालाच कानकोंडं होत होतं, त्यांना नाही.

एवढंच असतं तर मी म्हटलं असतं, असतात अशी माणसं, सोडून द्या. पण चांदोरकरांना खरंच येत होतं. तिथंच तर माझी चिडचिड आहे.

देवास गेटच्या बसस्टँडवर एकदा मी देवासची बस बघत होते. तिथं फुटपाथवर एक म्हातारा जपानी माणूस बसलेला, घामाघूम, डोळ्यांत पाणी. बरोबरच्या मंडळींपासून चुकला होता. भोवती गर्दी, जो तो इंग्रजीत ओरडतोय, जणू ओरडल्यावर कळणारच आहे. तेवढ्यात चांदोरकर कुठूनसे आले. पँट सावरून त्या धुळीत, त्या केळ्यांच्या सालांत, सरळ त्याच्या शेजारी बसले. पांढरे मोजे, सगळं विसरून. आणि बोलायला लागले. मला एक अक्षर कळत नव्हतं, पण आवाज निराळाच होता. आजारी माणसाच्या उशाशी बसून बोलावं तसा हळू. म्हातारा आधी रडला, मग हसला, मग त्यानं यांचा हात धरून ठेवला. त्याची माणसं सापडेपर्यंत चांदोरकर तिथून हलले नाहीत. माझी बस गेली, पण मी बघत राहिले. मनात आलं, अरे, हा माणूस असाही आहे?

दुसऱ्या दिवशी नोटिस बोर्डावर त्या प्रसंगाची बातमी लागली होती. 'सेन्सेईंच्या प्रसंगावधानामुळे'. लिहिणाराही तोच, लावणाराही तोच. म्हणजे आपल्या हातून एक स्वच्छ गोष्ट घडली, तीही यांना तशी राहू देववली नाही.

आता मुख्य गोष्टीवर येते. दरवर्षी कॉलेजात जपानी वक्तृत्व स्पर्धा व्हायची. आसपासच्या कॉलेजांतली पोरंही यायची. नाव वक्तृत्व स्पर्धा, पण असायचा तो सत्कार समारोह. आमच्या भागात कार्यक्रमाचा जीव सत्कारात असतो. दीपप्रज्वलन, वंदना, मग मंचावरच्या प्रत्येकाला शाल, श्रीफळ, हार. एकेकाचा परिचय, एकेकाचं 'दो शब्द'. ज्यांना मंचावर घेतलं नाही ते रुसतात, म्हणून त्यांना खाली जाऊन हार. मग ज्यांनी हार घातले त्यांना हार. स्पर्धेतली पोरं बिचारी सकाळपासून इस्त्रीचे कपडे घालून घसा सुकवत बसलेली. शेवटचा सत्कार ठरलेला, चांदोरकरांचा. आदल्या दिवशी ती शाल रामेश्वरच्या हातात स्वतः देऊन ठेवायचे, आणि ऐन वेळी मंचावर, "अरे, अरे, हे काय! नाही, नाही, हे मला न विचारता..." आणि खांदे पुढे. उबग यायचा अगदी.

भाषणं? ती सगळी हेच लिहायचे. एकच भाषण. भारत-जपान मैत्री, साकुराची फुलं, बुलेट ट्रेन, आणि शेवटी जय महाकाल. कुणाच्या भाषणात आजी साकुराबद्दल सांगायची, कुणाच्या काका, एवढाच फरक. पोरं ते देवनागरीत उतरवून घोकायची. परीक्षक यांचे मित्र. एक दंतवैद्य, एक निवृत्त तहसीलदार. त्यांना जपानीतलं 'ज' माहीत नाही, पण माना अशा डोलवायचे की वा!

त्या वर्षी दोन गोष्टी निराळ्या झाल्या. एक, पहिल्या आलेल्याला दिल्लीच्या मोठ्या स्पर्धेत बोलायला मिळणार होतं. तिथं म्हणे कंपन्यांची माणसं येऊन बसतात आणि चांगलं बोलणाऱ्याला तिथल्या तिथं हेरतात. आणि दुसरी म्हणजे रुखसार.

रुखसार भैरवगढची. घरात छपाईचं काम, पिढ्यांपासून. लाकडी ठप्पे, चादरी, दुपट्टे, शिप्रेच्या पाण्यात कापड धुणं. मुलगी बारीकशी, आवाज खणखणीत, आणि दोन्ही हातांची बोटं कायम काळपट लाल. रंग जात नाही. माझ्या वर्गातही ती हात ओढणीखाली धरून बसायची. जपानी मात्र तिला खरंच लागली होती. इतर पोरं घोकायची, ही बोलायची. चांदोरकरांनाही हे कळत होतं. वर्ग सुटल्यावर तिला थांबवून शिकवायचे. दारावरून जाताना मला त्यांचा तो देवास गेटचा आवाज ऐकू यायचा. हाच दुसरा चांगला शब्द, घ्या लिहून.

तिनं स्पर्धेसाठी स्वतःचं भाषण लिहिलं आणि त्यांना दाखवायला स्टाफरूममध्ये आली. मी तिथंच पेपर तपासत होते. विषय होता वास, तिनं आधी मला हिंदीत सांगितला होता. घरात रंगाचा, भिजल्या कापडाचा जो वास असतो तो तिच्या कपड्यांना लागतो. बसमध्ये बायका सरकून बसतात, कॉलेजात पोरी नाक मुरडतात. तिला स्वतःलाही त्या वासाची घाण वाटायची, अब्बूंच्या हातांची घाण वाटायची. मग एक दिवस तिनं स्वतः ठप्पा हातात घेतला, असं पुढे होतं. चांदोरकरांनी सगळं वाचलं. वाचताना मध्ये एकदा थांबले, चष्मा पुसला. मला वाटलं, लागलं यांना कुठंतरी.

मग कागद परत दिला. "बेटा, ये नहीं चलेगा. बदबू, गंदे हाथ... मंच पर अध्यक्षजी रहेंगे. उनको घिन आएगी. फूल रखो, साकुरा रखो."

"सर, ये मेरा है," ती म्हणाली.

"सेन्सेई," त्यांनी सुधारलं. "और सुनो, अब्बू से कहना, मेहमानों के दुपट्टे इस बार भैरवगढ़ के रहेंगे. बेटी का ही तो प्रोग्राम है."

म्हणजे पोरीच्या बापाच्या हातांची घाण वाटते, पण त्या हातांनी छापलेलं कापड पाहुण्यांच्या गळ्यात घालायला चालतं, तेही फुकटात! माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली. मी म्हटलं, "चांदोरकर, भाषण चांगलं आहे की नाही, एवढं सांगा."

"फार चांगलं आहे," ते पटकन म्हणाले. मग पंखा उघडला, मिटला. "म्हणून तर नको. बाकीच्यांचं उघडं पडेल."

रुखसारनं अब्बूंना काय सांगितलं कोण जाणे, पण दुपट्टे आले. तिच्या अब्बूंनी, युनूसभाईंनी, स्वतः आणून दिले, घड्या घालून. आणि मुलीला म्हणाले होते, पहिली आलीस तर दिल्लीला जा, मी सोडायला येतो. ज्या माणसानं तिला इंदूरला एकटं कधी पाठवलं नाही, त्यानं हे म्हटलं होतं. ती मला तीनतीनदा सांगायची, "मैम, अब्बू ने खुद कहा."

स्पर्धेच्या दिवशी परीक्षक म्हणून अध्यक्षांच्या ओळखीनं इंदूरहून एक खऱ्या जपानी बाई आल्या. मोरिता बाई. त्यांचे यजमान पीथमपुरात मोठ्या हुद्द्यावर होते. त्या स्वतः त्यांच्या देशात शाळेत शिकवायच्या. साठीच्या, लहानखुऱ्या, ताठ बसलेल्या. हिंदी येत नाही, इंग्रजी मोडकंतोडकं. चांदोरकरांच्या तोंडचं पाणी पळालं होतं, पण भाषण बदलायला वेळ नव्हता. मला काम दिलं होतं घंटीचं. वेळ संपली की वाजवायची. म्हणून मी स्पर्धकांच्या रांगेत, रुखसारच्या शेजारीच बसले होते. शेवटच्या रांगेत युनूसभाई, कडक इस्त्रीचा कुर्ता, हात मांडीखाली.

सत्कार सुरू झाले ते संपेचनात. मोरिता बाईंच्या गळ्यात हार, दुपट्टा, पुन्हा हार. त्या गोंधळून प्रत्येक वेळी उभ्या राहत, वाकत, बसत. शेवटी "अरे, हे काय" झालं आणि चांदोरकरांनी माईकवर सांगितलं, समयाभाव के कारण प्रत्येक स्पर्धकाला पाचऐवजी दोन मिनिटं. पोरं घशाला कोरड पडून बसली होती, ती एकमेकांकडे बघायला लागली.

पहिला मुलगा उठला. साकुरा. दुसरी उठली. साकुरा. तिसऱ्या वेळी मोरिता बाईंनी पेन खाली ठेवलं. प्रत्येकाला त्या एक प्रश्न विचारत, आणि प्रश्न कोणताही असो, पोरं पाठ केलेलं एकच उत्तर देत. एका मुलाला त्यांनी काही विचारलं आणि तो छाती काढून म्हणाला, "जय महाकाल!" सभागृहात टाळ्या. मला हसू येत होतं आणि लाजही वाटत होती, दोन्ही एकदम. अध्यक्षांची पुतणी नेहा आली, गोड हसली, साकुरा म्हणून गेली.

मग रुखसार. तिनं साकुरानंच सुरुवात केली. दोन वाक्यं झाली आणि थांबली. मला वाटलं विसरली. तिनं ओढणीखालून हात काढले, दोन्ही पंजे सभागृहासमोर धरले, आणि पुढे बोलली. तिचं, ते वासाचं. कळत मला काहीच नव्हतं, पण मोरिता बाई पुढे सरकून बसल्या होत्या, एवढं दिसत होतं. दोन मिनिटं कधीच उलटली. चांदोरकर मंचावरून मला पंख्यानं खुणा करत होते, वाजवा, वाजवा. मी घंटी पर्समध्ये ठेवून दिली.

तिला मोरिता बाईंनी एक प्रश्न विचारला, मग आणखी एक, मग आणखी. ती उत्तरं देत गेली. एकदा तर दोघीही हसल्या. त्या सबंध दिवसात तेवढंच काय ते जपानी संभाषण झालं.

निकाल सांगायला मोरिता बाई उठल्या. त्या जपानीत बोलणार आणि चांदोरकर हिंदीत सांगणार, असं ठरलं होतं. बाई बोलल्या, सावकाश, चेहरा गंभीर. चांदोरकरांनी माईक घेतला. "मैडम कह रही हैं, उज्जैन के बच्चों का स्तर देखकर वे चकित हैं. ऐसी शिक्षा तो जापान में भी दुर्लभ है."

रुखसारनं माझा हात धरला. "मैम, ये तो ये कह ही नहीं रहीं. ये कह रही हैं, सबको एक ही भाषण रटाया है, बच्चों के साथ अन्याय हुआ है."

बाई पुन्हा बोलल्या. या वेळी आमच्या रांगेकडे हात केला. चांदोरकरांनी अध्यक्षांकडे बघितलं. मग म्हणाले, "मैडम का निर्णय है, प्रथम, कुमारी नेहा!"

"मैम, मेरा नाम लिया उन्होंने," रुखसार म्हणाली. आवाज असा की मला आजही ऐकवत नाही. "मेरा नाम लिया."

नेहा मंचावर गेली, अध्यक्षांनी काकाच्या मायेनं कप दिला. मोरिता बाई बघतच राहिल्या. चांदोरकर त्यांच्याकडे वाकून काहीतरी जपानीत बोलले. माईक हातात चालूच होता, तेही रुखसारला ऐकू आलं. हा निराळा कप आहे, संस्थेचा आहे, तुमचा निकाल नंतर कळवू, असं सांगितलं म्हणे. दोन्ही बाजूंना खोटं, दोन भाषांत, आणि घामाचा एक थेंब नाही कपाळावर! त्या अख्ख्या सभागृहात दोन्हीकडचं कळणारी ती एकटी पोर होती.

तिला प्रोत्साहनपर प्रमाणपत्र घ्यायला बोलावलं. मला वाटलं, आता ही फाडून फेकते. फेकायलाच हवं होतं. ती गेली, प्रमाणपत्र घेतलं, मोरिता बाईंपुढे वाकली आणि जपानीत बोलली. तीन-चार वाक्यं असतील. चांदोरकरांचा पंखा हवेतच थांबला.

"क्या कहा बच्ची ने?" अध्यक्षांनी विचारलं.

चांदोरकरांनी माईक तोंडाशी नेला, खाली घेतला, पुन्हा नेला. "कहती है, सब सेन्सेई का आशीर्वाद है."

टाळ्यांचा कडकडाट. 

टाळ्या चालू असतानाच मोरिता बाई उठल्या, मंचावरून उतरल्या, आणि रांगांमधून मागे चालत गेल्या. चांदोरकर माईकवर म्हणाले, "मैडम को वॉशरूम जाना है, रामेश्वर, रास्ता दिखाओ." पण बाई शेवटच्या रांगेपाशी थांबल्या. गळ्यातला दुपट्टा दोन्ही हातांवर धरला आणि युनूसभाईंपुढे वाकल्या. पार कमरेतून. युनूसभाई घाबरून उभे राहिले, हात पाठीमागे लपवले, मग काही सुचेना म्हणून तेही वाकले. मंचावर तेवढ्यात आभारप्रदर्शन सुरू झालं होतं.

बाहेर मी रुखसारला विचारलं, "काय सांगितलंस त्यांना?"

"इतना ही, मैम, कि आपके गले में जो कपड़ा है वो मेरे अब्बू ने छापा है. वो पीछे बैठे हैं."

मी तडक चांदोरकरांच्या केबिनमध्ये गेले. "लाज वाटत नाही? पोरगी पहिली आली होती. दिल्लीला जायची होती. तुमच्या हातानं तयार झालेली पोरगी!"

ते हारांतली फुलं शर्टावरून झटकत होते. "मॅडम, अध्यक्ष कोर्स बंद करणार होते. नेहाला पाठवलं तर चालू राहील. मला भाषा जिवंत ठेवायची आहे इथं."

"भाषा? तिचाच तर गळा दाबलात आज."

"जपानमध्ये असं नसतं, मला माहीत आहे," ते म्हणाले. मी दार आपटून निघाले.

नेहा दिल्लीला गेली. तिथं पहिल्याच प्रश्नाला मुकी उभी राहिली आणि रडत परत आली. तिचाही काही दोष नव्हता. दुसऱ्या वर्षी अध्यक्षांनी कोर्स बंद केला तो केलाच. मोरिता बाईंचे यजमान मायदेशी बदलून गेले. रुखसारचं शेवटचं वर्ष होतं. ती भैरवगढला परत गेली. युनूसभाईंची नजर अधू झाली, आता कारखाना तीच बघते. दिल्ली काही झाली नाही. मी कधी चादर घ्यायला गेले की विचारते, "जपानी विसरलीस का गं?" तर म्हणते, "भूलती नहीं, मैम. ठप्पा मारते-मारते अकेले में बोल लेती हूँ." सांगा, याला काय म्हणायचं? माझा तर संताप होतो.

एवढं लिहून झालं होतं आणि परवा दुपारी चांदोरकर दारात उभे. केस काळेभोर रंगवलेले, मोजे पांढरे. "मॅडम, लेख?"

बसा म्हटलं नाही, तरी बसले. मी म्हटलं, "एक गोष्ट अडलीय. त्या दिवशी रुखसार मंचावर जे बोलली ते माईकवर तुम्ही काय सांगितलंत, आठवतं?"

"सब सेन्सेई का आशीर्वाद है."

"बापाच्या दुपट्ट्याचं बोलली होती ती. तिनंच मला सांगितलं. तेवढं तरी खरं सांगायचं होतंत!"

त्यांनी चष्मा काढला. मग जपानीत बोलायला लागले. सावकाश, शब्द न् शब्द, जणू ती पोर आत्ता समोर उभी आहे. तो देवास गेटचा आवाज, इतक्या वर्षांनी. संपल्यावर मराठीत म्हणाले, "दुपट्ट्याचं बोलली, खरं आहे. ते मी गाळलं. पण पुढे आणखी बोलली होती, मॅडम. म्हणाली, ही भाषा मला माझ्या सेन्सेईंनी दिली. कृपा करून त्यांच्यावर रागावू नका." चष्मा परत लावला. "त्या दिवसात मी एकच वाक्य खरं सांगितलं. तेच तुम्हाला खोटं वाटलं."

मला विश्वास ठेवायचा नव्हता. मी त्यांच्यासमोरच रुखसारला फोन लावला, स्पीकरवर. मागं ठप्प्यांचा आवाज येत होता.

"हाँ मैम, कहा था," ती म्हणाली.

"अगं पण का? त्यांनी तुझी दिल्ली घालवली!"

"सिखाया तो उन्होंने ही था न, मैम. वो जापानी मैडम बहुत गुस्से में थीं, सबके सामने डाँट देतीं. और अब्बू बैठे थे. अब्बू तो उनको मेरा उस्ताद मानते हैं. अब्बू के सामने उस्ताद की बेइज़्ज़ती कैसे होने देती?"

चांदोरकरांनी फोनकडे हात पुढे केला. मला वाटलं, आता हा माणूस बोलेल. त्या पोरीच्या भाषेत, तिला हवं असलेलं एक वाक्य तरी बोलेल. हात तसाच हवेत राहिला. मग त्यांनी तो मागे घेतला. "रखती हूँ मैम, रंग सूख रहा है," रुखसार म्हणाली आणि फोन ठेवला.

ते उठले, दारापाशी जाऊन बूट चढवले, रुमालानं डोळे पुसले. दोन पायऱ्या उतरले आणि वळले.

"मॅडम, उस्ताद म्हणाली, ऐकलंत ना? ते घ्या लेखात. शिष्येचे उद्गार म्हणून. चौकटीत."

आणि कमरेतून वाकले, मला, आयुष्यात पहिल्यांदा.

घेतलंय, चांदोरकर. चौकटीत नाही, पण सगळंच घेतलंय. आता समितीनं छापावं.